तोय अधिक पाच, बडी हे उणे चार: अरबी अक्षरांचं बळ आकड्यात कसं मांडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सॉफ्टवेअरमध्ये काम करतात आणि दोन वर्षांपासून तजवीद, म्हणजे कुराण पठणाचं उच्चारशास्त्र, शिकताहेत. उस्तादांनी त्यांना सांगितलं की अरबीतली काही अक्षरं कवी, म्हणजे बलवान असतात आणि काही ज़ईफ, म्हणजे दुबळी. (म्हाताऱ्या माणसाला आपण जईफ म्हणतो, तोच हा शब्द.) यांनी लगेच एक्सेल उघडलं. बलवान गुणाला अधिक 1, दुबळ्या गुणाला उणे 1, शेवटी बेरीज. तर रे आणि स्वाद या दोघांना सारखेच गुण मिळाले. बे, जीम आणि दाल हेही त्याच रांगेत येऊन बसले. कानाला तर स्वाद कितीतरी भारदस्त वाटतो. मग चूक आकड्यांत आहे, कानात आहे, की अक्षरांचं बळ मोजायला निघणं हीच चूक?

कान बरोबर आहे आणि मोजायला निघालात हेही बरोबर आहे. घोळ बेरजेत आहे. हाच घोळ मी स्वतः केलेला आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी नावांचं बोलू. अक्षरांना मी आपल्याकडे घरोघरी चालतात तीच उर्दू वळणाची नावं वापरतो: ते म्हणजे हलका त, तोय म्हणजे जड त, सीन हलका स, स्वाद जड स, काफ आपला क, क़ाफ पडजिभेजवळचा क, छोटी हे आणि बडी हे. अरब माणूस तोयला 'ता' म्हणतो आणि ते या अक्षरालाही 'ता'च म्हणतो. लिहिताना तो गोंधळ नको.

तजवीदमध्ये प्रत्येक अक्षराला एक मखरज असतो, म्हणजे तोंडातली उगमाची जागा, आणि काही सिफात असतात, म्हणजे गुण. काही गुण जोडीने येतात. अक्षर म्हणताना श्वास अडला तर जहर, वाहत राहिला तर हम्स. आवाज पूर्ण अडला तर शिद्दत, वाहिला तर रिख्वत, आणि लाम, नून, ऐन, मीम, रे ही पाच अक्षरं मधली. जिभेचं मूळ टाळूकडे उचललं तर इस्तिअला, खाली राहिलं तर इस्तिफाल. जीभ टाळूला झाकणासारखी लागली तर इत्बाक, मोकळी राहिली तर इन्फिताह. याखेरीज सुटे गुण आहेत: स्वाद, सीन, ज़ेची शिट्टी म्हणजे सफीर, शीनचा पसारा म्हणजे तफश्शी, ज़्वादचं लांबत जाणं म्हणजे इस्तितालत, लाम आणि रेचं वळणं म्हणजे इन्हिराफ, रेची थरथर म्हणजे तकरीर, वाव आणि येचा मऊपणा म्हणजे लीन, आणि क़ाफ, तोय, बे, जीम, दाल या पाचांवर थांबताना जो धक्का बसतो तो कल्कला. इज़्लाक आणि इस्मात ही आणखी एक जोडी आहे. ती शब्दाच्या बांधणीबद्दल बोलते. चार-पाच मूळ अक्षरांच्या अस्सल अरबी शब्दात फे, रे, मीम, नून, लाम, बे यांपैकी एखादं तरी असतंच, असा तो नियम. बळाच्या हिशेबातून ही जोडी बाहेर ठेवतात, तुम्हीही ठेवली आहे ते योग्यच.

गुण जमत गेले की अक्षराचं बळ वाढतं, ही कल्पना जुनी आहे. कैरवानला जन्मलेले आणि 1045 मध्ये कॉर्डोबात वारलेले तजवीदचे विद्वान मक्की इब्न अबी तालिब यांनी ती नीट मांडली. एका अक्षरात जहर, शिद्दत, इत्बाक, इस्तिअला असे गुण एकत्र आले की ते बळाचं टोक, आणि त्याचा नमुना तोय. म्हणजे तुमच्या एक्सेलचा सांगाडा हजार वर्षांपूर्वीचा आहे. मक्कींनी फक्त बेरजेचं चिन्ह घातलं नव्हतं. का घातलं नसावं, ते पुढे बघू.

तुमचा तक्ता मी पुन्हा मांडून पाहिला. वर सांगितलेल्या प्रत्येक जोडीत पहिला गुण बलवान, दुसरा दुबळा, मधल्याला शून्य; सुट्या गुणांत लीन तेवढा दुबळा, बाकी बलवान. तोय अधिक 5, एकटाच शिखरावर. त्याखाली ज़्वाद आणि क़ाफ अधिक 3. ज़ोय अधिक 2. मग अधिक 1 ची गर्दी: बे, जीम, दाल, रे, स्वाद. हमज़ा, लाम, ग़ैन शून्य. ऐन आणि ज़े उणे 1. मीम आणि नूनही उणे 1, पण गुन्ना, म्हणजे नाकातला आवाज, बलवान धरला तर शून्य. ते, काफ, ख़े, ज़ाल उणे 2. सीन, शीन, वाव, ये उणे 3. तळाशी से, बडी हे, फे आणि छोटी हे, उणे 4. छोट्या हेला खफा म्हणजे दबकेपणा हा आणखी एक दुबळा गुण लावला तर ती उणे 5 वर जाते.

दोन्ही टोकं परंपरेशी जुळतात. मध्येच सगळा गोंधळ आहे, आणि त्याचं पहिलं कारण तुमच्यासारख्या माणसाला दोन मिनिटांत पटेल: तुमचे स्तंभ एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत.

कल्कलाचंच बघा. जहर आणि शिद्दत दोन्ही असलेली अक्षरं सहा: हमज़ा, जीम, दाल, क़ाफ, तोय, बे. त्यांतली हमज़ा सोडून बाकी पाच म्हणजेच कल्कलाची अक्षरं. श्वासही अडलेला, आवाजही अडलेला, मग अक्षर ऐकू कसं येणार? म्हणून सुटताना धक्का द्यायचा. कल्कला हा त्या दोन गुणांचा परिणाम आहे. त्याला वेगळा 1 देणं म्हणजे एकाच पावतीचे पैसे दोनदा वसूल करणं. इत्बाकचंही थोडं तसंच. स्वाद, ज़्वाद, तोय, ज़ोय ही इत्बाकची चारही अक्षरं इस्तिअलाच्या सात अक्षरांतलीच आहेत. पण ख़े, ग़ैन आणि क़ाफ यांच्यात इस्तिअला आहे आणि इत्बाक नाही, त्यामुळे तो स्तंभ स्वतंत्र काहीतरी सांगतो. तो ठेवायचा. कल्कला मात्र काढून टाकायचा.

हा धक्का कशासाठी असतो ते मला एका मुलाने शिकवलं. आमच्या रत्नागिरीकडचा, नऊ-दहा वर्षांचा पोरगा. सूरह कौसरचा शेवटचा शब्द अब्तर. पोरगा दर वेळी 'अप्तर' म्हणायचा. मी दहा वेळा दुरुस्त केलं, अकराव्यांदा पुन्हा अप्तर. मग डोक्यात प्रकाश पडला की हा तर जप्तीचा नियम आहे! अरबीत ज़ब्त, मराठीत जप्त. पुढच्या त मध्ये घोष, म्हणजे स्वरतंतूंचं कंपन, नाही, म्हणून मागच्या ब चाही घोष गेला आणि प उरला. मराठी जिभेला हे इतकं सहज आहे की कोर्टाच्या कागदावरही जप्तीच लिहिलं जातं. कल्कला या घसरणीला अडसर घालतो: बे वर थांबा, किंचित धक्का देऊन सोडा, मग ते कडे जा. बे चं जहर वाचतं. कल्कला म्हणजे जहरची राखण, हे त्या दिवशी मला कळलं. तोवर मी तो पाठ म्हणून शिकवत होतो.

दुसरी गफलत तकरीरची. रे ची थरथर बलवान गुणांत मोजतात खरी, पण कारी, म्हणजे कुराण पठण करणारे लोक, हा गुण शिकवतात तो टाळण्यासाठी. जिभेचं टोक एकदा लागलं की पुरे, ट्रॅक्टर सुरू केल्यासारखं रर्रर्र करायचं नाही. (आपली 'तक्रार' याच धातूची, मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणं. तक्रार करणाऱ्यांचा स्वभाव बघता शब्द चपखल आहे.) जो गुण उच्चारात दाबायचा, त्याला पूर्ण 1 कसा द्यायचा? मी माझा पहिला तक्ता केला तेव्हा उत्साहाच्या भरात तकरीरला 2 दिले होते आणि रे ला क़ाफच्या शेजारी नेऊन बसवलं होतं. माझ्या उस्तादांनी कागद पाहिला, काही बोलले नाहीत, फक्त एक आयत म्हणायला लावली. माझी रे इतकी थरथरली की मीच हसलो.

आता कल्कलाचा स्तंभ काढा आणि तकरीरला शून्य द्या. तोय 4, ज़्वाद 3, क़ाफ आणि ज़ोय 2, स्वाद 1, आणि बे, जीम, दाल, रे शून्यावर. स्वाद रे च्या वर आला. तुमचा कान हेच सांगत होता.

पण एवढ्यावर थांबलो तर मी फक्त माझ्या आवडीचे आकडे निवडले असं होईल. कुठल्या गुणाला किती वजन, हे ठरवायला बाहेरचा साक्षीदार लागतो. तो अरबीत तयार आहे, त्याचं नाव इद्गाम: दोन अक्षरं एकमेकांना भिडली की एक दुसऱ्यात मिसळणं. कोण मिसळलं, आणि मिसळताना स्वतःचं काही मागे ठेवलं का, हे बघायचं. पहिलवानाचं बळ वजनकाट्यावर कळत नाही, मातीत उतरल्यावर कळतं. इद्गाम म्हणजे तो आखाडा.

तीन लढती घेऊ. तिन्हीत मागचं अक्षर बलवान आहे आणि पुढचं दुबळं.

पहिली: सूरह बकरा, आयत 256, 'क़द तबय्यन'. दाल ते ला भिडतो. वाचताना 'क़त्तबय्यन' होतं, दालचा मागमूस राहत नाही.

दुसरी: सूरह माइदा, आयत 28, 'बसत्त'. मुळात इथे तोय आणि त्यानंतर ते आहे. तोय ते मध्ये मिसळतो, पण त्याचा जडपणा जात नाही. तोंड तोयसाठी भरतं, इत्बाक ऐकू येतो, आणि सुटतं ते मात्र हलकं ते. सूरह नम्लच्या 22 व्या आयतीतलं 'अहत्तु' असंच. याला अपूर्ण इद्गाम म्हणतात.

तिसरी सगळ्यात मजेदार: सूरह मुर्सलात, आयत 20, 'नख्लुक्कुम'. क़ाफ काफला भिडतो. इथे वाचणाऱ्यांत दोन मतं आहेत. काही क़ाफ पूर्ण मिटवतात, काही त्याचा इस्तिअला शिल्लक ठेवतात. दोन्ही रीती मान्य आहेत, कल पूर्ण मिटवण्याकडे जास्त. 1429 मध्ये शीराजला वारलेले इब्न अल-जज़री यांनी आपल्या तजवीदच्या पद्यात या शेवटच्या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत बांधल्या आहेत: अहत्तु आणि बसत्तमध्ये इत्बाक स्पष्ट ठेवा, आणि नख्लुक्कुममध्ये मतभेद आहे.

आता गणित. दाल आणि ते यांच्यात फरक फक्त जहरचा आहे, कारण कल्कला आपण काढला. उणे 1 वरून अधिक 1, म्हणजे अंतर 2. क़ाफ आणि काफ यांच्यात जहर आणि इस्तिअला, अंतर 4. तोय आणि ते यांच्यात जहर, इस्तिअला आणि इत्बाक, अंतर 6. अंतर 2 असताना खूण उरत नाही, 4 ला वाद, 6 ला खूण हमखास उरते. म्हणजे उंबरठा 4 च्या आसपास आहे. शाळकरी बेरजेतून इतकं सुरेख उत्तर निघाल्यावर मी त्या रात्री खूश होऊन झोपलो होतो.

ती खुशी नूनने घालवली. सूरह बकराच्या 8 व्या आयतीत 'मंय्यक़ूलु' आहे: नून ये मध्ये मिसळतो आणि नाकातला गुन्ना मागे राहतो. गुन्ना धरून नून शून्य, ये उणे 3, अंतर 3. खूण उरायला नको होती, पण उरते. शिवाय हमज़ा नावाच्या कारींच्या किराअतीत (वाचनपद्धतीत) खलफच्या रिवायतीने, म्हणजे खलफने पोचवलेल्या परंपरेने, वाचणारे इथे गुन्नाही सोडतात. म्हणजे एकाच अंतराला दोन उत्तरं. एका आकड्याने हे सुटत नाही.

मक्कींनी बेरजेचं चिन्ह का घातलं नसेल, याचं उत्तर मला इथे सापडतं. सगळे गुण एकाच ठिकाणी राहत नाहीत. जहर आणि शिद्दत राहतात त्या अडथळ्यात, म्हणजे जिभेचं टोक जिथे टाळूला किंवा दातांना लागतं तिथे. मिसळताना तो अडथळा पुढच्या अक्षराचा होतो, म्हणून हे गुण त्याच्याबरोबर जातात. इत्बाक आणि इस्तिअला राहतात जिभेच्या मागच्या भागात. गुन्ना राहतो नाकात. टोकाने काहीही केलं तरी मागची जीभ उचललेली राहू शकते, नाक उघडं राहू शकतं. म्हणून खूण उरते ती यांचीच. दाल कितीही बलवान असला तरी त्याच्याकडे मागे ठेवायला दुसरं घरच नाही.

म्हणून माझा सल्ला असा की एकाऐवजी दोन आकडे ठेवा. पहिला अडवण्याचा: जहर अधिक शिद्दत. दुसरा भाराचा: इस्तिअला अधिक इत्बाक. गुन्ना तिसऱ्या स्तंभात. मग तोय होतो (2, 2), दाल (2, उणे 2), स्वाद (उणे 2, 2), क़ाफ (2, 0), ज़ोय (0, 2), छोटी हे (उणे 2, उणे 2). आलेख काढून बघा. स्वाद आणि दाल एकमेकांच्या अगदी विरुद्ध कोपऱ्यात जातात. तुमच्या बेरजेत हेच दोघे शेजारी बसले होते. सफीर, तफश्शी, इस्तितालत हे सुटे गुण अक्षराच्या नावापुढे टीप म्हणून लिहा. प्रत्येकी एक-तीन अक्षरांपुरत्या गुणाला वजन काढायला पुरावाच पुरत नाही.

आपल्याच एका नावात हा दुसरा स्तंभ रोज ऐकू येतो. मुस्तफा. धातू स्वाद-फे-वाव, त्यात इफ्तिआल या अरबी शब्दसाच्यातला ते घातला की मुळात 'मुस्-त-फा', स्वाद जड आणि ते हलका. पण अरबीत तो ते राहत नाही, तोय होतो. स्वादचं अडवण्याचं बळ उणे आहे, तरी भाराचं बळ त्याने शेजाऱ्याला दिलं. ज़े, दाल, ज़ाल यांच्यानंतर हाच ते दाल होतो, तिथे शेजारी जहर देतो. ज्याच्याकडे जे असेल तेच तो देतो, आणि दोन स्तंभांचा तक्ता हे बिनचूक सांगतो.

आता यंत्राकडे. तुम्ही विचारलंय की प्रातमध्ये आवाज टाकून अक्षराचं बळ डेसिबलमध्ये का मोजू नये. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: प्रात हे ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं ध्वनिविश्लेषणाचं मोफत सॉफ्टवेअर.) डेसिबलने उलटंच उत्तर येईल. सगळ्यात मोठा आवाज स्वरांचा, म्हणजे अलिफ, वाव, ये जिंकतील. तोय हरेल, कारण तोयचा बराचसा वेळ म्हणजे चक्क शांतता. जीभ लागली आहे, हवा मागे तुंबली आहे आणि लाट सपाट आहे. तजवीदमधलं बळ म्हणजे हवेला केलेला विरोध. मोठेपणाशी त्याचा संबंध नाही. धरणाचं बळ पाण्याच्या आवाजावरून मोजत नाहीत.

यंत्राने मोजायचं असेल तर स्तंभागणिक वेगळं मोजा. भारासाठी शेजारच्या स्वराचा दुसरा फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमणारी दुसरी वारंवारता, बघा. तोय, स्वाद, ज़्वाद, ज़ोयच्या शेजारी 'आ' चा दुसरा फॉर्मंट काही शे हर्ट्झ खाली उतरतो. ते नंतरचा आ आणि तोय नंतरचा आ एकाखाली एक लावून बघा, रेघेतला फरक डोळ्यांना दिसेल. हम्ससाठी अडथळा सुटल्यापासून स्वर सुरू होईपर्यंतचा वेळ मोजा. काफमध्ये या फटीत श्वासाची खरखर दिसते, क़ाफमध्ये ती फट आखूड असते. सफीरसाठी वरच्या वारंवारतेतली ऊर्जा. आणि कृपा करून मोबाइलच्या व्हॉइस नोटवर हे करू नका. त्यात वरची वारंवारता कापलेली असते आणि गोंगाट कमी करणारी यंत्रणा हम्सचा श्वासही गोंगाट समजून पुसते. साधी वेव्ह फाइल, 44.1 किलोहर्ट्झ, माइक तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला. एकेका अक्षराचे निदान दहा नमुने, सुटे न घेता शब्दातले.

हम्सबद्दल मराठी माणसाला एक खास इशारा. आपल्या क आणि त मध्ये श्वास सुटत नाही. श्वास सोडला की आपल्याकडे ख आणि थ होतात, वेगळी अक्षरंच. अरबी काफ आणि ते या दोन्हींच्या मधे कुठेतरी राहतात. विद्यार्थ्याला 'श्वास सोड' म्हटलं की तो थेट थ वर जातो, 'कमी कर' म्हटलं की पुन्हा कोरडा त. मी कागदाची पट्टी वापरतो, बसच्या तिकिटाएवढी. ओठांसमोर वीतभर धरायची. थ ला ती फडफडते, त ला स्तब्ध राहते, आणि ते ला जेमतेम हलली पाहिजे. या पट्टीने माझं जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही आलेखाने केलेलं नाही.

इथे एक जुना पेच सांगायलाच हवा, नाहीतर यंत्राचे आकडे बघून तुम्ही म्हणाल की ग्रंथ चुकले. आठव्या शतकातल्या सीबवैहिच्या व्याकरणात तोय आणि क़ाफ जहरमध्ये आहेत. आजच्या कारींचा तोय यंत्रावर टाकला तर स्वरतंतूंचं कंपन सापडत नाही. मग जहर कुठलं? सीबवैहि म्हणतो की इत्बाक नसता तर तोयचा दाल झाला असता. आज इत्बाक काढला तर तोयचा ते होतो. यावरून दिसतं की त्याच्या काळचा तोय घोष असावा, दालचा जड भाऊ. बाराशे वर्षांत उच्चार सरकला, यादी तशीच राहिली. कारी लोक जहरची व्याख्या 'श्वास अडणं' अशी करतात म्हणून त्यांचा हिशेब आजही जुळतो: तोयमध्ये श्वास सुटत नाही, ते मध्ये सुटतो. पण जहर म्हणजे आपला घोष असं समजून कोणी प्रातमध्ये कंपन शोधायला गेला तर तोयचा 1 गुण कापला जाईल. तक्ता करण्याआधी व्याख्या लिहून ठेवा, कुठल्या काळाचा आणि कुणाच्या तोंडचा तोय मोजताय तेही.

ज़्वादची गोष्ट तर आणखी नाजूक. सीबवैहिने वर्णन केलेला ज़्वाद जिभेच्या कडेने, दाढांच्या बाजूने निघतो आणि आवाज वाहता ठेवतो. आज बऱ्याच कारींचा ज़्वाद जड द सारखा बंद होतो, आणि आपल्या उपखंडात तो ज़ोयकडे झुकतो. रमज़ान की रमदान हा वाद त्यातलाच. तक्त्यातले अधिक 3 हे ग्रंथातल्या ज़्वादचे आहेत. ऐकू येणाऱ्या ज़्वादला रिख्वतच्या जागी शिद्दत मिळाली तर आकडा बदलतो. मराठीत तर या अक्षराचं पार भुसकट झालं: जिल्हा, अर्ज, हजर, जामीन, जप्त, जईफ, सगळीकडे मुळात ज़्वाद आहे आणि आपण साधा ज म्हणून मोकळे होतो. तुमच्याच बेरजेने ज़ब्त या शब्दाचं वजन 3 अधिक 1 अधिक 5, म्हणजे 9. फारसी तोंडातून येताना ज़्वादचा ज़े आणि तोयचा ते झाला की तेच वजन उणे 1 अधिक 1 उणे 2, म्हणजे उणे 2. जप्ती आली ती सगळं बळ वाटेत जप्त करूनच आली.

शेवटचा प्रश्न होता अर्थाचा: बलवान अक्षरं बलवान अर्थ देतात का? ही कल्पना 1002 मध्ये वारलेल्या इब्न जिन्नी या व्याकरणकाराची, आणि त्याची उदाहरणं सुंदर आहेत. ख़ज़म म्हणजे टरबूज-काकडीसारखं ओलं, मऊ खाणं. क़ज़म म्हणजे जवासारखं कोरडं, कडक चावणं. ख़े उणे 2, क़ाफ अधिक 3. बडी हे वालं नज़ह म्हणजे पाणी झिरपणं, ख़े वालं नज़ख़ म्हणजे उसळणं; सूरह रहमानच्या 66 व्या आयतीत स्वर्गातल्या उसळत्या झऱ्यांसाठी हेच रूप आलं आहे. इथे उणे 4 विरुद्ध उणे 2. दोन्ही जोड्यांत तक्ता हात देतो.

पण निवडलेल्या जोड्या कुणालाही हात देतात. तुम्ही धातूंचा कोश संगणकात घालून बेरजा करायचं म्हणताय, जरूर करा. त्याआधी दोनच धातू हाताने करून बघा. 'बलवान' या अर्थाचा धातू क़ाफ-वाव-ये: 3 उणे 3 उणे 3, म्हणजे उणे 3. 'दुबळा' या अर्थाचा ज़्वाद-ऐन-फे: 3 उणे 1 उणे 4, म्हणजे उणे 2. कवी हा शब्द ज़ईफपेक्षा एका गुणाने दुबळा भरतो.

तुमची फाइल पाठवलीत तर दोन स्तंभांत लावून देईन. फक्त छोट्या हेच्या ओळीत तुम्ही चुकून शिद्दत टाकली आहे, ती आधी काढा.